खणखणीत वीट

शनिवार, १२ ऑक्टोबर
माझ्या पोरीच्या, जॉर्जीच्या रेकॉर्डरची खरी किंमत – यंत्र कॉलेजचं, म्हणजे फुकट. पण ते आवारातल्या चहाच्या टपरीत टांगल्यावर आमची माणसं बातम्या वाचल्यासारखी बोलायला लागली. माल उतरवणारा सिड चक्क ‘कृपया’ म्हणाला! सगळे हसत बसले, सकाळचा माल दुपारपर्यंत ट्रकमध्येच. शिवाय बिस्किटांचा अख्खा डबा फस्त. फुकटात पडलं म्हणतात ते हे असं.

पोरगी सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटी. विषय इंग्रजी भाषा – नाटक-कविता नाही, नुसती भाषा. म्हटलं, “जन्मल्यापासून तेच बोलतेस, त्याची परीक्षा कसली?” म्हणाली, “बाबा, तुम्ही जन्मल्यापासून श्वास घेताय, तरी डॉक्टर लागतोच ना?” तोंडाळ आहे. माझ्यावर गेलीय.

तिचा प्रकल्प – कामावरची माणसं कशी बोलतात. कोण कुणाला तोडतं, कोण कधी गप्प होतं. मी सांगितलं, मला विचार, हा धंदा मी कानांवर उभा केलाय. पाडलेल्या गिरण्यांच्या, चर्चच्या जुन्या विटा घेतो-विकतो. नखानं टिचकी मारायची – पक्की असेल तर खणखणते, तडकलेली बद्द वाजते. माणसाचंही तेच. अख्ख्या डडली गावात माझ्याशी खोटं बोलून कुणी सुटलेलं नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
गिरणीच्या विटांचा ट्रक परत पाठवला. एकूण एक वीट बद्द! ट्रकवाला म्हणाला, “रॉय, या मालाला नाव ठेवतोस?” हल्ली सगळीकडून कचराच येतो. सिड आणि फोर्कलिफ्टवाल्या डेन्झिलनं एकमेकांकडे पाहिलं. मी ते पाहिलं.

अलीकडे पुटपुटतात सगळे. मी जवळ गेलो की ओठ हलतात, आवाज नाही. काहीतरी शिजतंय.

जॉर्जी स्वयंपाकघरात हेडफोन लावून बसलेली. मिनिटभराचं बोलणं उतरवायला तिला अख्खी संध्याकाळ लागते. थांबले तर किती थांबले, कोण खोकलं, चमचा वाजला – सगळं. “चमचा कशाला गं?” तर म्हणे, “सर सांगतात, ऐकू आलं ते लिहायचं. आपल्याला हवं ते नाही.”

शनिवार, १९ ऑक्टोबर
आज मेलो असतो.

फळीवर रचलेला विटांचा ढीग घेऊन डेन्झिल फोर्कलिफ्ट मागे आणत होता. मी पाठमोरा. हॉर्न नाही, हाक नाही – एकदम खांद्याला धक्का, कोटाची बाही फाटली, मी चिखलात, शेजारी विटा पडलेल्या. वीतभर इकडे असतो तर आज हे लिहायला दुसरं कुणी लागलं असतं.

“हॉर्न कुठे गेला तुझा?”
“वाजवला, रॉय. दोनदा. हाकही मारली.”

तोंडावर खोटं! आवार उघडलं त्या दिवसापासूनचा माणूस, माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होता. सिडकडे पाहिलं. सिड बुटांकडे पाहत राहिला. डेन्झिलला घरी पाठवलं.

सोमवार, २१ ऑक्टोबर
डेन्झिलला काढलं. कारणही लिहून दिलं – निष्काळजीपणा, वर खोटेपणा. साठीला आलेल्या माणसाला असा कागद हाती असताना फोर्कलिफ्टवर कोण बसवणार? ठाऊक आहे मला. पण धक्का विसरता येतो, खोटं नाही.

भांडला असता तर बरं वाटलं असतं. नुसता म्हणाला, “तू स्वतःला जप, रॉय.” धमकी समजायची की काय?

बायको, लोरेन, दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. मी टीव्ही लावला की उठून वरच्या खोलीत जाते.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
ज्याचा आवाज घेतला त्याची सही लागते, आणि त्याला नको असेल तर बोलणं काढून टाकावं लागतं – असा त्यांच्या विषयाचा नियम. जॉर्जी म्हणाली, टपरीतल्या रेकॉर्डरवरचा अपघाताच्या शनिवारचाच भाग घेतलाय, डेन्झिलकाकांना पुन्हा विचारायला हवं. “त्या माणसाच्या दारात जायचं नाही!” ती गेलीच.

सही घेऊन आली. “काय म्हणाला?”
“म्हणाले, सगळं ठेव पोरी. एक अक्षर कापू नकोस.”

खोटारड्याला सगळं ठेवायची इतकी हौस कसली? दिवसभर हेच डोक्यात.

शनिवार, २६ ऑक्टोबर
जॉर्जी जेवत नाही. सरांना विचारत होती म्हणे, प्रकल्पाचा विषय बदलता येईल का. ते म्हणाले, आता उशीर झाला.

दुपारी सिंकपाशी कप विसळत होतो, तोंड खिडकीकडे. वळलो तर जॉर्जी दारात उभी, डोळे भरलेले.
“कधी आलीस?”
“आत्ताच.”
मागे लोरेन, तोंडावर हात. आत्ताच आलेल्या माणसांचे चेहरे असे नसतात.

रविवार, २७ ऑक्टोबर
जॉर्जीनं कागद पुढ्यात ठेवला. धक्का बसला त्या शनिवारची सकाळ. तिच्या पद्धतीनं उतरवलेली –

(हॉर्न)
(हॉर्न, लांब)
डेन्झिल: रॉय! ए रॉय, बाजूला हो!
(रॉय गप्प)
सिड: मालक!
(रॉय गप्प)
(विटा पडल्याचा आवाज)

“हे तू त्याला वाचवायला लिहिलंस,” मी म्हणालो. तिनं हेडफोन माझ्या कानांना लावले, आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. माझं तोंड बघत राहिली. डेन्झिलची हाक आली – खूप लांबून, नदीपलीकडून यावी तशी. हॉर्न आलाच नाही.

“काल दारातून मी चारदा हाक मारली, बाबा,” असं ती म्हणाली. म्हणजे, म्हणाली असावी. माझं लक्ष तिच्या ओठांवर होतं.

सोमवार, २८ ऑक्टोबर
डेन्झिलच्या दारात जायच्या आधी आवारात गेलो. कुणी आलं नव्हतं. एक पक्की वीट घेतली, एक तडकलेली. टिचकी मारली.

दोन्ही सारख्याच बद्द वाजल्या.