गोफणीचा दगड सुटण्याआधीचे चित्र मिळणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, ता. इंदापूर, जि. पुणे

अर्जदार : शकुबाई मानसिंग कोकरे, रा. कोकरे वस्ती, सणसर. धंदा : शेती व थोडी मेंढरे.

विषय : जमा ड्रोनमधील चित्रण नष्ट न करणेबाबत व त्यातील अर्जदाराच्या मयत पतीचे चित्र मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचाच मागील अर्ज. (हेच चित्रण कोणीही न पाहता नष्ट करावे, अशी मागणी त्यात होती.)

महोदय,

वरील संदर्भ वाचून आपण कपाळाला हात लावाल, याची अर्जदार बाईस पूर्ण कल्पना आहे. मागचा अर्ज तिचाच, त्यावरचा अंगठा तिचाच, आणि आता त्याच्या नेमकी उलट मागणी करणारा हा अर्जही तिचाच. तरी तिचे म्हणणे शेवटपर्यंत वाचावे आणि मग काय तो निर्णय घ्यावा, ही पहिली विनंती.

१. प्रकरण आपल्या स्मरणात असेलच, तरी थोडक्यात नमूद करण्यात येते की, अर्जदाराच्या शेजारचे बागायतदार सर्जेराव भोईटे यांचा मुलगा सौरभ हा बारामती एमआयडीसीत कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी बांधावर उभे राहून ड्रोन उडवण्याचा त्यास नाद आहे. उसाचे फड, कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या, कालव्याचे पाणी असे काहीबाही तो वरून टिपतो. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, हे अर्जदार आज मान्य करते. परंतु ड्रोन घरे हेरून जातात आणि मागून चोर येतात, अशी तेव्हा गावोगाव बोलवा होती. शिवाय वरच्याचा हेतू खालच्याला दिसत नाही, त्याला नुसती घरघर ऐकू येते. वस्तीवरच्या न्हाणीला चारी बाजूंनी पत्रे आहेत, वर काही नाही. आजवर वरून कावळ्याशिवाय कोणी डोकावले नव्हते, म्हणून छप्पर घालायचे कोणाच्या मनात आले नाही.

२. घटनेच्या सकाळी अर्जदार न्हाणीत केस धूत असताना ड्रोन डोक्यावर येऊन थांबला. बाई ओल्या अंगाला लुगडे गुंडाळून ओरडली. तिचे पती मानसिंग, ज्यांना सारी वस्ती आबा म्हणत असे, ते तेव्हा अंगणात मेंढरे मोकळी करत होते. त्यांनी कमरेची गोफण सोडली, दगड भरला आणि एका दगडात ड्रोन खाली आणला. पुढचे सर्व आपल्यासमोर झाले. सर्जेरावांनी नुकसानीची तक्रार दिली, अर्जदाराने अब्रूची दिली, ड्रोन व त्यातील कार्ड ठाण्यात जमा झाले. शेवटी समजुतीने मिटवावे आणि येत्या सोमवारी दोन्ही बाजूंसमक्ष ते कार्ड न पाहताच मोडून टाकावे, असे ठरले. आपण बाईमाणसाची लाज राखली, हे ती विसरलेली नाही.

३. वस्तीवर आबांचे फार कौतुक झाले. या वयात काय नेम आहे, म्हणून लोक त्यांच्या पाठीवर थापा मारून गेले. आबांना ते गोड लागले नाही. मेंढरांमागे जन्म गेलेल्या माणसाची गोफण मारण्यासाठी नसते, वळवण्यासाठी असते. चुकार मेंढरू कुणाच्या पिकात शिरू लागले की दगड त्याच्या पुढ्यात टाकायचा. आवाजाने ते मागे फिरते, त्याच्या अंगाला दगड लागता कामा नये. आबांच्या दगडाने कधी मेंढरू लंगडले नाही. त्या सकाळीही त्यांनी दगड ड्रोनच्या पुढ्यातच टाकला होता. दगडाचा आवाज ऐकून तोही वळेल, अशी त्यांची भाबडी समजूत. घरात येऊन ते बायकोला एवढेच म्हणाले, "मेंढरू असतं तर माघारी फिरलं असतं. ह्यो नेमका पुढं आला."

हे चारचौघांत सांगितले असते तर लोक हसले असते, म्हणून त्यांनी सांगितले नाही. गोफण खुंटीला टांगली ती परत उतरवली नाही. सौरभला एकदा भेटून बोलावे, असे त्यांच्या मनात फार होते. पण प्रकरण ठाण्यात आहे, मिटेपर्यंत एकमेकांशी बोलू नका, असे गावातल्या जाणत्या मंडळींनी दोन्ही घरांना बजावले होते. जाणते फार झाले की बोलणे खुंटते, असा अर्जदाराचा अनुभव आहे. बांधावर सौरभ समोरून आला की आबा मान खाली घालून वाट बदलत. पौषात एके सकाळी मेंढरांना पाला टाकता टाकता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

४. अर्जाचा मूळ मुद्दा येथून सुरू होतो. तो आधी यायला हवा, असे अर्ज लिहिणाऱ्याने बाईस सांगून पाहिले. तिने ऐकले नाही. घडले तसे लिहा, म्हणाली.

दहाव्याचा फ्लेक्स करायचा म्हणून मुलगा दादासो याने आबांचा फोटो शोधला, तर घरात फोटोच नाही. कोणी मोबाईल धरला की आबा म्हणायचे, माझा कशाला, मेंढरांचा काढा. मुलीच्या लग्नात ते पंगतीत वाढत होते. दादासोच्या मोबाईलमध्ये मेंढरे आहेत, नात छकुली आहे, आणि मागे कुठेतरी आबांची पाठ आहे. अखेर बारामतीहून आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून आणला. तो काढताना त्यांना पटका उतरवायला लावला होता. उघडे डोके, अर्धवट मिटलेले डोळे, पकडून आणल्यासारखा चेहरा. फ्लेक्स चौकात लागला, लोक थांबून नाव वाचत आणि मगच हात जोडत. छकुलीने आजीला विचारले, "ह्यो कोण म्हातारा?" नवरा गेला त्या दिवशी मेंढरे बघायची होती म्हणून बाई रडली नव्हती. ती तेव्हा रडली.

५. दहाव्याला कावळा शिवेना. मेंढरे विकणार नाही, छकुलीला शिकवू, शकुबाईला अंतर देणार नाही, सगळे बोलून झाले. ऊन चढले. कावळे झाडावर बसून राहिले. तेव्हा लांब उभा असलेला सौरभ बोलायची बंदी मोडून पुढे आला आणि हात जोडून पिंडासमोर म्हणाला, "आबा, चूक माझी हाय. तुमी गोफण फिरवताना मला पडद्यावर दिसला. मी भ्यालो, पळवाय गेलो आन् पुढं दामटला." म्हणजे आबांचा दगड जिथे पडायचा तिथेच निघाला होता, ड्रोनच त्याच्या वाटेत गेला. एवढे बोलणे झाले आणि कावळा शिवला. ही बाब पंचनाम्यात घेता येण्यासारखी नाही, हे अर्जदारास मान्य आहे. ती फक्त आपल्या कानावर घालत आहे.

माणसे पांगल्यावर तोच मुलगा बाईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काकू, आबा त्या कार्डात हायती. पटका बांधल्याला, तोंड वर. डोळं नीट दिसत्यात." त्या दिवसापासून बाईला घास गोड लागत नाही. जगात आबांचा खरा चेहरा एकाच ठिकाणी उरला आहे, आणि तो तिच्याच अर्जावरून सोमवारी मोडला जाणार आहे.

६. अडचण अशी की त्याच चित्रणात ती स्वतः असण्याचा संभव आहे. न्हाणीकडे आपले लक्ष नव्हते, मेंढरे बघत होतो, असे सौरभ शपथेवर सांगतो, पण कॅमेऱ्याने काय काय टिपले हे त्यालाही ठाऊक नाही. आबांपर्यंत पोहोचायचे तर कोणाला तरी ते पहिल्यापासून पाहावे लागणार. यावर बाईने खूप विचार केला, कोणाला विचारले नाही, आणि अर्ज लिहिणाऱ्याकडे येऊन बसली. तिचे शब्द जसेच्या तसे येथे घेत आहे : "माझं वलं केस कुणी बघितलं तर बघू द्या. मला त्यांचं डोळं बघायचं हायती." ठाण्यात महिला पोलीस असल्यास त्यांनी पाहावे. नसल्यास आपण पाहावे, आपण तिला मुलासारखे आहात.

सबब विनंती की, सोमवारी कार्ड मोडू नये. त्यातील आबांचे एक चित्र कागदावर काढून मिळावे. ते दगड सुटण्याआधीचे असावे. दगड लागल्यावर आभाळ, ऊस, परत आभाळ असे सगळे गरागरा फिरते आणि मग अंधार होतो, असे सौरभ सांगतो. तेवढे तिला नको. चित्र देणे नियमात बसत नसेल तर तिला ठाण्यात बसवून एकदा दाखवावे. ती सकाळच्या एसटीने येईल, आपल्याला सवड होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहील. दोन्ही तक्रारी मागे घेण्यास दोन्ही घरे राजी आहेत.

आणखी एक मागणी आहे. ड्रोन उडवायची परवानगी हा विषय या अर्जात नको, असे लिहिणाऱ्याचे मत होते. बाई म्हणाली, लिहा. तर सौरभला त्याचा ड्रोन परत द्यावा. तो दुरुस्त झाल्यावर कोकरे वस्तीवरून उडवण्यास अर्जदाराची हरकत नाही, न्हाणीवर तिने पत्रा टाकून घेतला आहे. मात्र येताना त्याने दूधवाल्यासारखा आधी हॉर्न वाजवावा. म्हणजे हातातले काम टाकून, डोक्यावर पदर घेऊन ती अंगणात येईल आणि तोंड वर करून उभी राहील. तिच्या दहाव्याला छकुलीने तरी तिला ओळखावे, एवढीच त्यात इच्छा आहे.

सोमवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,

शकुबाई मानसिंग कोकरे
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

अर्ज लिहिणार : बापूसाहेब रुपनवर, सणसर
दिनांक : १३ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. मागील अर्जाची प्रत.
२. मानसिंग कोकरे यांचा मृत्यूचा दाखला.
३. त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स. चित्रणात मयताची ओळख पटवताना हिच्यावरील फोटो कृपया धरू नये. ज्याचे तोंड वर आहे, ते आबा.