घर आहे ना, साहेब

सोम. ५ फेब्रु. २००७
पत्र आलं एकदाचं! पोरींच्या राहण्यासाठी अनुदानाचा अर्ज करून वर्ष उलटलं, कागद कुठल्या कपाटात झोपला होता कोण जाणे. गुरुवारी ठाण्याहून साहेब पाहणीला येणार. मार्चएंड जवळ आला की सरकारला आमची आठवण येते. असो, मला रुसून परवडणार नाही.

गाळामालक पाटीलशेठनं एप्रिलपर्यंत मुदत दिलीये. आमच्या गाळ्यात त्याला कापडाचं गोडाऊन करायचंय. "बाई, माझ्या पन पोरी हायेत. पन फुकाट किती दिस? आता न्हाय जमायचं." बरोबरच आहे त्याचं, दोन वर्षं राहू दिलं. अनुदानातून भाडं सुरू झालं तर तो गप्प बसेल. नाहीतर या सहा पोरींना घेऊन कुठं जाऊ? माझ्या दीड खोलीत आई, मी आणि शिवणमशीन.

बुध. ७ फेब्रु.
शाळेतून थेट गाळ्यावर. अर्जावरचं महिला मंडळ म्हणजे मी आणि पुष्पाताई, बाकीच्या फोटोपुरत्या. दोघींनी चुना मारला. पोरी लूमवरच्या सुताच्या कांड्या भरायच्या कामावरून आल्या त्या केसात सूत घेऊनच झाडायला लागल्या. अर्जात 'लाभार्थी' असं लिहिलंय. संगीता विचारते, "बाई, लाभार्थी म्हणजे कोण?" म्हटलं, तुम्ही. "मग लाभ कधी?" हसून हसून पुरेवाट.

सगळ्यांना बजावलं, मान खाली घालायची नाही, स्पष्ट बोलायचं.

तसा इथला नियम पहिल्यापासून एकच. 'आश्रम', 'शेल्टर' हे शब्द बंद. मुकादम असो, रिक्षावाला असो, कुठं राहतेस विचारलं की सांगायचं, धामणकर नाक्यामागं आमचं घर आहे. संगीताला बालगृहानं अठरा पूर्ण झाली म्हणून पिशवी हातात देऊन निरोप दिलेला. रुखसारला पडघ्याला सावत्र बापानं दाराबाहेर काढलं. दोघींच्या तोंडी 'घर' हा शब्द यायला महिने गेले. रोज घोकून घेतलाय मी.

गुरु. ८ फेब्रु.
साहेब येऊन गेले. माणूस बरा. सांगितलं नव्हतं तरी चप्पल बाहेर काढली. प्रत्येकीला मायेनं विचारलं, बेटा, तुला घर नाही का?

संगीता ताठ उभी राहून, "आहे ना, साहेब. हेच."
रुखसारनं तर गाळा नंबरापासून पिनकोडपर्यंत पत्ता म्हणून दाखवला. "घर है ना साहब, यही है." वर विचारलं, चहात साखर किती?
सहाच्या सहा जणी एका सुरात. साहेब भराभर लिहून घेत होते. मला वाटलं, कौतुक लिहितायत. ऊर भरून आला माझा. परतताना पुष्पाताईला वडापाव खिलवला.

मंगळ. २० फेब्रु.
"प्रत्यक्ष पाहणीत सर्व लाभार्थींना राहते घर असल्याचे आढळून आले. सबब प्रस्ताव अमान्य."
तीनदा वाचलं. स्टाफरूममध्ये हसू आलं, मग रडू. शिकवणारी मीच. शंभर टक्के पास झाल्या पोरी.

गुरु. २२ फेब्रु.
अर्धी रजा टाकून ठाणे. साहेबांनाही वाईट वाटत होतं. "बाई, मी तरी काय करू? घर आहे का विचारलं, सगळ्या आहे म्हणाल्या. योजना बेघरांची." शेवटी वाट काढून दिली. प्रत्येकीनं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं, 'मी बेघर आहे, मला राहण्यास घर नाही', खाली सही. १४ मार्चला ते पुन्हा येतील, तेव्हा तोंडीही तेच सांगायचं. योजनेला कमीत कमी सहा जणी लागतात. आमच्या मोजून सहा.
विचारलं, दुसरा शब्द चालेल? म्हणाले, नमुना वरून आलाय.

शनि. २४ फेब्रु.
पाच सह्या झाल्या. संगीतानं सही केली आणि मग बराच वेळ कागदाकडं बघत बसली.
रुखसार नाही म्हणाली. समजावलं, नुसता कागद आहे गं. तर म्हणते, "टीचर, अब्बाने निकालते टाइम यही बोला था. जा, तेरा कोई घर नहीं. पूरे मोहल्ले के सामने. अब वही बात मैं अपने हाथ से लिखूँ? स्टॅम्प पे?"
कागद पिशवीत घालून घरी आले.

शुक्र. ९ मार्च
आज तोल गेला. पाटीलशेठ टेप घेऊन गाळा मोजायला आलेला, पोरींच्या गाद्या ओलांडत फिरत होता. तो गेल्यावर सगळा राग रुखसारवर काढला. "तुझ्या एकटीपायी पाच जणी रस्त्यावर येतील, कळतंय का?" ती सगळ्यांची भांडी घासून ड्युटीवर गेली.
एकोणीस वर्षांची पोर. मी हे बोलायला नको होतं. लाज वाटते.

सोम. १२ मार्च
पुष्पाताई म्हणते, "तूच कर तिची सही. कोण बघायला येतंय?" सही जमेलही. पण साहेब समोर उभं करून विचारतील तेव्हा? आणि खरं म्हणजे तिच्या नावानं ते वाक्य लिहायला माझाच हात धजत नाही.
बाकीच्यांची तयारी घेतली. म्हटलं, साहेबांनी विचारलं की सांगायचं, घर नाही. संगीता म्हणाली, "आणि साहेब गेल्यावर?"
म्हटलं, गेल्यावर आहे.
"मग बाई, खोटं कधीचं?"

बुध. १४ मार्च
शाळेला कळवलं, येत नाही. साहेब अकराला येणार. साडेनऊ झालेत. पाच जणी आंघोळी करून गादीवर ओळीनं बसल्यात. शेजारचे लूम लोडशेडिंगमुळं बंद. इतकं शांत इथं कधी नसतं.

मघाशी रुखसार ड्युटी सोडून आली. हातपाय धुऊन समोर बसली, म्हणाली, "लाओ टीचर, करती हूँ." मला इतका आनंद झाला की कागद काढताना पिशवी सांडली. पेन हातात घेतलं तिनं. मग थांबली.
"पर पहले आप बोलो. मेरी तरफ देख के. रुखसार, तेरा घर नहीं है. आप बोल दो, मैं लिख दूँगी."

चार शब्द. त्यावर सहा जणींचं छप्पर. वर्गात दिवसभर बोलते, घसा बसत नाही माझा कधी. म्हटलं, थांब, दोन ओळी लिहून घेते. म्हणून ही वही काढली. दोन ओळींचं पान झालं. ती मांडीवर कागद घेऊन तशीच बसलीये, माझ्याकडं बघत, रागानं नाही.

आता विचारतेय, "हो गया टीचर?"