पूर्व उपनगर चषकाचा राखून ठेवलेला निकाल

मी, निशा चंदर तांडेल, वय सत्तावीस, बी.ए., मुलुंडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका, राहणार ट्रॉम्बे कोळीवाडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, धोका कमी आहे. माझ्यामागे एक गोष्ट खोटी छापली जाण्याचा धोका मात्र मोठा आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करण्याइतकं काही नव्हतं.

१. बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी आईला, सरूबाईला. त्यातून होडीचं इंजिन घेऊ नये.

२. माझा बास्केटबॉलचा चेंडू भाऊ निमेश याला. होडी धक्क्याला घासू नये म्हणून त्याने तो कडेला बांधू नये. एकदा बांधला होता.

३. पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवरच राहू द्यावं. घरातलं ते पहिलं आहे. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवतात. त्यांना दाखवू द्यावं.

४. पूर्व उपनगर आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल चषकाचे सर्व कागद, म्हणजे मी जमवलेली दोनशे बारा गुणपत्रकं आणि मी लिहिलेला इतिहास, माझी संघसोबतीण रुचिरा हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

ही स्पर्धा १९८१ साली विक्रोळीच्या मातीच्या मैदानावर चार महाविद्यालयांनी सुरू केली. मुली १९९४ मध्ये आल्या, तोवर मैदानावर सिमेंट आलं होतं. मुलांचे सामने संध्याकाळी, आमचे दुपारी एकला, तापलेल्या सिमेंटवर. २०१८ चा अंतिम सामना आम्हाला पहिल्यांदा संध्याकाळी मिळाला. आम्ही तो एक्केचाळीस–चाळीस असा जिंकला. मी कर्णधार होते.

गुणपत्रकाच्या तळाशी एक रकाना असतो. निकालावर हरकत असेल, तरच कर्णधाराने तिथे सही करायची. मला ते माहीत नव्हतं. स्पर्धेचे चिटणीस श्यामकांत सर कागद पुढे करून म्हणाले, "कर गं सही, पटकन. लोकांना घरी जायचंय." मी केली. माझ्या आजीपर्यंत सगळ्यांनी अंगठेच उठवले. मला सहीचा फार अभिमान होता.

आठ दिवसांनी पत्र आलं: कर्णधाराने हरकत नोंदवल्याने निकाल राखून ठेवला आहे. जिंकलेला संघ हरकत कशाला घेईल, एवढंही कुणी विचारलं नाही. मी सरांकडे गेले.

"सर, चुकून झाली हो सही."

"शिकलेली आहेस ना? वाचून करायची."

आईसुद्धा तेच बोलली, पण तिला तो हक्क होता. "मी बोंबील घेतंय तवा टोपली पालथी करून बघतंय गो! तू कॉलेजात जाऊन काय बघितलंस?"

निकालावर बैठक झालीच नाही. 'मुलींच्या वादामुळे' स्पर्धा बंद झाली आणि त्या मैदानावर शेजारच्या सभागृहाचं वाहनतळ झालं. मैदान आधीच दिलं गेलं होतं. बंद करायचं कारण तेवढं माझ्या नावावर घातलं. सरांनी सही मुद्दाम घेतली की घाईत, मला आजही ठाऊक नाही. कळल्यावर त्यांनी दुरुस्त केली नाही, हे ठाऊक आहे.

५. आता सर स्पर्धेची स्मरणिका काढत आहेत आणि माझे कागद मागत आहेत. शेवटच्या वर्षापुढे 'निकाल नाही' असं ते छापणार. रुचिराने त्यांना एकही कागद देऊ नये. माझा इतिहास वेगळा छापावा. त्याची शेवटची ओळ आमच्या दहाही मुलींच्या नावांसह 'विजेता' अशीच असावी. मी मेले म्हणून दया करून छापू नये. खरी आहे म्हणून छापावी.

६. श्यामकांत सरांना मी क्षमा केलेली नाही. तसं कुणी माझ्या शोकसभेत सांगू नये.

स्थळ: मानखुर्द. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५.

निशा चंदर तांडेल

आम्हा दोघांसमक्ष निशाने सही केली. तिच्यासमक्ष आम्ही करत आहोत.

साक्षीदार १: अनंत भोईर, शेजारी.

साक्षीदार २: स्वरदा केळकर, मुलुंड. २०१८ च्या अंतिम सामन्यात हरलेल्या संघाची कर्णधार. आम्ही एका गुणाने हरलो. हरकत आमचीही नव्हती. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. कारण निकाल फिरला तर चषक आमच्याकडे येईल, असं आम्हाला वाटत होतं.