कळस नसलेलं देऊळ

१७ जानेवारी १९७१, रविवार
कलकत्ता

आज सासूबाईंना कॅथेड्रल दाखवलं. शहरात बॉम्ब फुटतायत म्हणून मला आणि छोटीला पुण्याला न्यायला आल्यात. आल्यापासून तोच एक विषय. दाराशी त्यांनी वहाणा काढल्या, आणि आत जाण्याआधी प्रदक्षिणा हवीच म्हणाल्या. त्या पुढे, त्यांच्या वहाणा हातात घेऊन मी मागे! माळी बघतच राहिला.

मागच्या बाजूला त्या थबकल्या. "अगं, याला कळस कुठाय? काम अर्धवट सोडलं का?"

मी सांगितलं, आधी उंच, निमुळता मनोरा होता. भूकंपात पडला. पुन्हा बांधला, तोही भूकंपानंच पाडला. मग हा चौकोनी, ठेंगणा बुरूज उभारला.

"पण इथंच?"

"इथंच."

आत एकही खांब नसलेलं ते रुंद छत, रंगीत काचा, कशाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं. बाहेर येऊन पुन्हा वर बघत उभ्या. कळसाशिवाय देऊळ त्यांना पटेना. मला मात्र तो बुरूज आज पहिल्यांदाच आवडला. मी घाबरत नाही का? घाबरते की. पण माझी शाळा इथे, संसार इथे. जाणार नाही हे पक्कंच होतं. त्यांना सांगायचं कसं, तेवढंच सुचत नव्हतं.

जेवताना ह्यांनी विचारलं, "आई, तिकिटं कधीची काढू?"

"माझं एकटीचं काढ," म्हणाल्या, आणि मला भात वाढला.