भरलेली गाडी डोंगराच्या कडेनं

१० जून, मंगळवार

गेट बंद! सकाळी वनखात्याचा माणूस आला, कुलूप लावलं, पाटी अडकवली, गेला. आता इकडचा हिवाळा संपून नोव्हेंबर येईपर्यंत सॉपिट रोडवर एकही गाडी नाही. पायी जा नाहीतर सायकलनं.

मी आणि मार्गो नऊला निघालो. गेटच्या कडेच्या फटीतून सायकली तिरप्या करून आत घातल्या. शेहेचाळीस किलोमीटर खडीचा रस्ता, माणूस एक नाही. एक वॉम्बॅट, अस्वलाच्या पिल्लासारखा गुबगुबीत, मधोमध बसला होता, उठला नाही. आम्हीच वळसा घातला.

एकतीस वर्षं मी याच रस्त्यावरून ओंडक्यांचे ट्रक खाली आणले. सायकलवाला दिसला की शिव्या घालायचो. मग लाकूडतोड बंद झाली, डॉक्टरनं गुडघ्यासाठी सायकल सांगितली, आणि आता मी रुंद टायरच्या सायकलवर, सायकलवाल्यांची घट्ट चड्डी घालून! सोबत कोण, तर मार्गो. सत्त्याण्णव साली लाकूडतोड थांबवायला हिनंच माझ्या ट्रकच्या ॲक्सलला स्वतःला साखळीनं बांधून घेतलं होतं. सहा तास. मी चहासुद्धा विचारला नाही. हे ती आठवड्यातून एकदा तरी ऐकवते.

गावाबाहेरच्या पुलापलीकडे आता दोनच घरं उरलीत, तिचं आणि माझं. भांडून करणार काय?

११ जून

पाऊस. गुडघा. सायकल नाही.

१३ जून, शुक्रवार

झाडांवर किलोमीटरच्या पत्र्याच्या पाट्या अजून आहेत. ट्रकमध्ये प्रत्येक पाटीला रेडिओवर बोलायचं — "सॉपिट, सतरा, भरलेली, खाली." म्हणजे वर येणारा सावध होतो. सायकलवर रेडिओ नाही, तरी मी पाटी दिसली की ओरडतो. सवय.

मार्गो म्हणाली, "कोण ऐकतंय? कांगारू?"

"तू आहेस ना."

"मी तर वर्षानुवर्षं रेडिओवर चोरून ऐकलंय तुमचं सगळं. तू कुठल्या पाटीला आहेस हे तुझ्या बायकोच्या आधी मला कळायचं!"

हसलो. कॅरल जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं नाव काढून मला हसवणारी एवढी एकच.

१५ जून

मंगळवारी सॉपिट रोडवरच्या, वर डोंगरातल्या जुन्या झोपडीची साफसफाई. गाड्या बंद, म्हणजे भंगार आम्हीच खाली आणायचं. नेवकडून सायकलला लावायचा ट्रेलर आणला. नेव पूर्वी माझ्या पुढचा ट्रक चालवायचा, आता बेकरी चालवतो. म्हणाला, "ट्रेलर ने, पण ती चड्डी घालून दुकानात येऊ नकोस. गिऱ्हाईक पळतं."

१७ जून, मंगळवार

क्रमानं लिहितो.

मी सातला वर गेलो. मार्गो दहाला निघून मागून येणार होती. झोपडीत फुटकी लोखंडी चूल, बाटल्या, गॅसचं रिकामं सिलिंडर. ट्रेलरमध्ये तीसेक किलो भरलं. साडेअकराला उतरायला लागलो. मागं वजन असलं की ते सायकल पुढं ढकलत नेतं. ते ढकलणं पाठीच्या ओळखीचं होतं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बारा किलोमीटरच्या पाटीला ओरडलो. पुढं आंधळं वळण. डोंगर माझ्या उजवीकडे, दरी डावीकडे. अख्खा ऑस्ट्रेलिया डावीकडून चालतो. पण सॉपिटवर आमचा कायदा वेगळा होता — भरलेली गाडी डोंगराच्या कडेनं, रिकामी दरीच्या कडेनं. भरलेल्या गाडीच्या वजनानं दरीची कड खचते म्हणून. मी उजवीकडे घेतली. विचार केलाच नाही. मार्गो चढत येत होती, तिच्या डावीकडून, म्हणजे तीही डोंगराच्या कडेनं. तिची बाजू बरोबर होती.

समोरासमोर धडक. मला खरचटलं. तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आवाज मी ऐकला.

तिच्या पिशवीला मदत बोलवायचं आणीबाणीचं यंत्र होतं, त्याचं बटण दाबलं. ॲम्ब्युलन्सला दीड तास लागला. माझं जाकीट तिच्यावर घातलं. ती मधेच डोळे उघडायची, मिटायची. त्या दीड तासात मी ट्रेलर सोडवला आणि पन्नास मीटर खाली नेऊन झाडाला टेकवला. का, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं.

ॲम्ब्युलन्सवाल्या पोरीनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "ओल्या सालीवरून घसरली. मी नंतर पोचलो." झाडांच्या साली रस्त्यावर पडलेल्या असतातच. तिनं लिहून घेतलं.

१८ जून

ऑपरेशन झालं. खुब्यात स्क्रू. दुपारी भेटलो. तोंड सुजलेलं, पण बोलत होती. डोक्याला मार आहे, काही आठवत नाही असं नर्स म्हणाली.

मार्गोनं मलाच विचारलं, "काय झालं रे? सांग ना."

"साल ओली होती."

"हं," म्हणाली. मग खिडकीकडे बघत राहिली. मी द्राक्षं ठेवून आलो.

२० जून

लाकडं फोडली. हिवाळाभर पुरतील त्याहून जास्त.

२१ जून, शनिवार

बेकरीत गेलो. सगळ्यांना एकच विषय. नेव म्हणाला, "मार्गो आणि घसरली? ती तर शेवाळावर नाचेल!" आणि वर, "वय झालं रे. आपलं सगळ्यांचंच." बाकीच्यांनी माना हलवल्या. तोल जातो या वयात, एकटं राहू नये, वगैरे. चार दिवसांत अख्ख्या गावानं तिला म्हातारी करून टाकली.

"ट्रेलरचा आकडा वाकलाय," नेव म्हणाला.

"झोपडीपाशी आपटला."

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं. लॅमिंग्टन केक घेतला, खाल्ला नाही.

२४ जून

ब्रॉनी आली होती. मार्गोची मुलगी, मेलबर्नला असते. पोरगी चांगली आहे, बोलते मात्र वकिलासारखी.

"डॅरिल, तुम्ही खरं सांगा. आई याआधी पडली होती का?"

"नाही."

"मग एकदम कशी पडली? कारण नसताना पडते म्हणजे तोलच गेलाय, डॉक्टरही तेच म्हणतात. इथं एकटीला ठेवायची म्हणजे... रात्री पडली तर? मी माझ्या जवळ फ्लॅट बघितलाय. घर विकून टाकू म्हणते, तर ती सहीच करत नाही. तुम्ही समजवा. तुमचं ऐकते ती."

मी म्हणालो, "बघतो."

ते घर मार्गोनं स्वतः मातीच्या विटा पाडून बांधलंय, चार वर्षं लागली. ब्रॉनीला एक वाक्य पुरलं असतं — ती पडली नाही, मी पाडलं. सांगितलं तर घर वाचतं. पण मग मार्गो माझ्याबरोबर कशाला येईल? कोणाबरोबर जायचं मी? ट्रक गेले, कॅरल गेली. ही भीती आहे, दुसरं काही नाही. एकदा स्पष्ट लिहून ठेवतो.

ब्रॉनीनं जाताना माझे आभार मानले. त्यावेळी आई एकटी नव्हती म्हणून!

२५ जून, बुधवार

हॉस्पिटल. मार्गो वॉकर धरून दहा पावलं चालली, परत बसली. घाम आला होता. नर्स गेल्यावर म्हणाली, "डॅरिल, सरळ विचारते. तू रोज माझ्याबरोबर असतोस. मी राहू शकते ना घरी? माझा तोल गेलाय का?"

माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "ब्रॉनी काळजीपोटी बोलते. तिचंही चूक नाही."

"बरं," ती म्हणाली. टीव्ही लावला.

२७ जून, शुक्रवार

एकटाच बाराच्या पाटीपर्यंत गेलो. पाट्यांना ओरडलो नाही. वळणावर अजून खडी उकरलेली आहे, माझ्या चाकाचा चर डोंगराला लागून सरळ दिसतो. डोळे असलेल्या कोणालाही कळावं. कोणी बघायला आलं नाही, कारण मी सांगितलं ते सगळ्यांनी धरलं.

तिथं बसून सँडविच खाल्लं. लाज वाटली. परवा "नाही, तुझा तोल ठीक आहे" एवढंसुद्धा म्हणालो नाही. तेवढ्यानं माझं काही उघडं पडत नव्हतं, तरीही.

बायका साखळीनं ट्रकला बांधून घेतात आणि मला एक वाक्य जड जातं. उद्या सांगतो. दोघींना एकदम, म्हणजे पळवाट नको. मग गावाला. सायकल सुटली तर सुटली.

२८ जून, शनिवार

सांगितलं. ट्रेलर हलवल्याचंही. ब्रॉनी आधी रडली, मग ओरडली. तिचं बरोबर होतं.

मार्गो शांत. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून सगळं आठवतंय. तू सांगशील म्हणून गप्प होते."

घर विकायच्या कागदावर तिनं गुरुवारीच सही केली होती, मी बुधवारी उत्तर टाळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ब्रॉनीनं तोवर आग्रह सोडला होता, तरीही. "तोल ठीक आहे माझा," मार्गो म्हणाली. "पुलापलीकडे एकटीनं राहायचं तर शेजारी कसा आहे, तेवढं बघायचं होतं."