रोज तिथेच येणारा खोकला

गुरुवार, संध्याकाळ. मुलुंड

उद्या सुहासच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट. पण मला छळतंय ते वेगळंच.

लग्नाला वीस वर्षं झाली. रोज सात वाजता आम्ही नवरा-बायको सोफ्यावर बसून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणतो. गाठ हाताला लागल्यापासून मी त्यातली एक ओळ गाळतेय. देवाला ‘तुझ्या मनात असेल तसं होऊ दे’ म्हणायचं, ती. त्याच्या मनात काय आहे, मला काय ठाऊक? ती ओळ आली की मी खोकते. इतकी वर्षं घडाघड म्हटली, तेव्हा कधी नीट ऐकलीच नव्हती का? पास्टर म्हणतात, रोजच्या प्रार्थनेने विश्वास वाढतो. माझी तर भीतीच वाढलीय.

आज सुहास मध्येच थांबला. “रोज तिथेच कसा गं खोकला येतो तुला?”

मी उगाच पुन्हा खोकले.

“मीही घाबरलोय गं. एकट्याला जड जाते ती ओळ.”

मग पुन्हा पहिल्यापासून. त्या ओळीला त्याने माझा हात घट्ट धरला. मी ती म्हटली, जेमतेम ओठ हलवून. खोकले नाही.

आता बसलेय घाबरून. देवाने ऐकलं असेल तर?