सहा नंबरचा बोर्ड

सर, तुमचा सहा नंबरचा बोर्ड मी परवा उघडला. परवानगी घ्यायला तुम्ही नाहीत, आणि असतात तरी मी घेतली नसती. जळगावला आपल्याच कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते. प्रॅक्टिकल आटोपल्यावर मागच्या खोलीत डोकावले, तर भंगारात काढलेले, सर्किट बसवलेले प्रयोगाचे जुने बोर्ड एकावर एक रचलेले. धुळीने नंबरही दिसत नव्हते. रुमालाने पुसत पुसत सहावर आले आणि लॅब सांभाळणाऱ्या भाऊंकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला. ते म्हणाले, "राहू द्या ना मॅडम, कायले हात खराब करता? त्याच्यात काही जीव नाही आता." मी म्हटलं, "जीव नाही बघायचा मला. द्या."

मी तुमची विद्यार्थिनी असतानाचा तो बुधवार तुम्हाला आठवला असेल की नाही, माहीत नाही. मला आठवतो. फुल वेव्ह रेक्टिफायर. दोन डायोड, एक ट्रान्सफॉर्मर, एक रेझिस्टन्स. एसी आत जायचा, डीसी बाहेर यायचा. त्या डीसीत किती चढउतार उरला ते मोजायचं, म्हणजे रिपल फॅक्टर काढायचा. पुस्तकातलं उत्तर ०.४८. मी मोजते आहे आणि उत्तर एकाच्या वर येतं आहे. वायरी काढून पुन्हा लावल्या, शेजारच्या टेबलावरचा मीटर आणला, तरी तेच. एवढा रिपल येतो तो दोनपैकी एकच डायोड चालत असेल तर. मागच्याच आठवड्यात तुम्ही हे फळ्यावर शिकवलं होतं. माझी जोडीदारीण रावेरकडची, केळीवाल्यांची लेक. गेल्या वर्षीच्या कुणाची तरी जर्नल तिने मांडीवर उघडून ठेवलेली. "लिही ना माय ०.४८. सारे तेच लिहितात. मले सव्वाबाराची गाडी हाये."

मी लिहिलं नाही. तुमच्या टेबलाशी आले आणि म्हटलं, "सर, सहा नंबरमधला एक डायोड गेलाय. सीआरओवर लाट बघू द्या, लगेच कळेल." तो सीआरओ, लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, तुमच्या कपाटात, शिवून घेतलेल्या खोळीत असायचा आणि वर्षातून एकदा, तपासणीला, बाहेर यायचा. वर्गात तुम्ही शुद्ध बोलायचात, चिडलात की पारोळ्याची अहिराणी यायची. "का वं, तुले मन्हापेक्षा जास्ती समजस का? बठ्ठासले बराबर रीडिंग येस, मंग तुलेच कसं येत नही?" मागची पोरं हसली. एक म्हणाला, "सर, तिच्या बांगड्यांनी मीटर हलत असंल." तुम्हीही हसलात. मग पेन्सिलीने लिहिलेल्या माझ्या आकड्याभोवती लाल गोल काढलात आणि म्हणालात, "हे बरोबर आल्याशिवाय सही मिळणार नाही."

सही नाही म्हणजे जर्नल अपुरी, जर्नल अपुरी म्हणजे परीक्षा नाही. मी खोडरबर घेतलं. तुमच्या गोलात ०.४८ लिहिलं, आणि ते जमावं म्हणून उलटं गणित करून व्होल्टेजही बदलले. तुम्ही न वाचता सही केलीत.

आता झाकणाचं सांगते. तुमचाच नियम होता: ज्याने बोर्ड उघडला त्याने काय केलं ते तारीख घालून झाकणाच्या आत लिहायचं, पुढच्याला कळावं म्हणून. आत तुमचं अक्षर होतं, पेन्सिलीतलं, अजून स्वच्छ. "दुसरा डायोड बदलला." खाली तारीख आणि सही. धुळ्याला घरी आल्यावर पत्र्याच्या पेटीतून जर्नल काढून ताडून पाहिलं. तीच तारीख, तीच सही.

म्हणजे त्याच दुपारी, आम्ही गेल्यावर, तुम्ही तो बोर्ड उघडलात. तपासलात. तुम्हाला कळलं. आणि गुरुवारी जिन्यात मी नमस्कार केला तेव्हा तुम्ही विचारलंत, "अभ्यास काय म्हणतो?" त्या हसलेल्या पोरांसमोर एक वाक्य पुरलं असतं: तिचं बरोबर होतं. डायोड बदलायला त्याहून जास्त वेळ लागला असेल. झाकणाच्या आत पुढच्या कुणासाठी लिहून ठेवलंत, आणि ज्या मुलीने सांगितलं तिला सांगितलं नाहीत. लोक म्हणतील, तो काळच तसा होता. काळाने नाही हो तो लाल गोल काढला. आमच्या वर्गाच्या निरोपाच्या दिवशी तुम्ही तुमची स्वतःची सोल्डरिंग गन वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलीत. मी ते बक्षीस समजले, वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगितलं. आता वाटतं, ती माफी असेल. असेल तर मला ती अशी नको होती. न बोलता मागितलेली माफी मागणाऱ्याच्याच सोयीची असते.

तुमच्यामुळेच असेल, धुळ्याच्या लॅबमध्ये मी उभा जन्म एकच वाक्य बोलत आले: आलं ते लिहा. मुलं पाठीमागे मला 'आलंतेलिहा मॅडम' म्हणतात. मला माहीत आहे.

बोर्ड मी मागून घरी आणला आहे. तुमच्या ओळीखाली माझं रीडिंग लिहायचं ठरवलं होतं, तुमच्याच नियमाने. पेन्सिलीला टोक केलं, जर्नल उघडली. लाल गोलात ०.४८ आहे, कागद मी इतका घासला होता की तेवढा भाग पापुद्र्यासारखा झालाय. खिडकीशी धरून पाहिला, जुना आकडा उमटत नाही. १.१९ होतं? १.२३? मग बोर्डच जोडला आणि मोजलं. ०.४९ आलं. येणारच, तुम्ही तो दुरुस्त केला आहे.

इतकी वर्षं भांडते आहे मी तुमच्याशी, सर, त्या एका आकड्यासाठी. तो मला आठवत नाही. ओळ कोरी ठेवून झाकण लावलं.